चाकोरी आणि स्वातंत्र्य

मराठी भाषेत ‘चाकोरी’ हा शब्द बहुधा निंदेनेच उच्चारला जातो. गाडीच्या चाकांनी मातीत पडलेली खोलगट रेघ एवढाच त्याचा मूळ अर्थ. परंतु नेमल्या वेळी उठावे, नेमल्या वेळी कचेरीस जावे आणि महिनाअखेर हिशेब जुळवीत बसावे, ह्या आपल्या जीवनक्रमास आपण तो शब्द लावला. आणि चाकोरी सोडणे म्हणजेच स्वतंत्र होणे, असे एक समीकरण सुशिक्षितांच्या मनात दृढमूल होऊन बसले. ह्या समीकरणात तथ्य किती, हे पाहावयाचे असेल तर जेथे चाकोरी अलंकारिक नसून खरोखरीची असते, अशा एखाद्या ठिकाणाचे उदाहरण घेणे इष्ट होईल.

अमेरिकेच्या पश्चिम भागात, यूटा राज्यात, मोआब नावाचे एक लहानसे गाव आहे. सभोवार तांबड्या वालुकाश्माचे कडे, कोलोरॅडो नदीने कोरलेल्या खोल दऱ्या आणि मैलोगणती निर्जन माळ. आठवड्याअखेरची सुटी लागली की मित्रांची टोळकी जीपगाड्या व मोटारसायकली घेऊन ह्या मुलखात मुक्कामास येतात. पाण्याचे व इंधनाचे डबे, तंबू, शिधा आणि रुतलेली गाडी ओढून काढावयाचा दोर, एवढा संसार बरोबर असतो. ईस्टरच्या सुमारास तेथे जीपगाड्यांचा मोठा मेळा भरतो. त्याची सुरुवात १९६७ साली झाली. जवळच्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात ‘व्हाइट रिम’ नावाची सुमारे १०० मैलांची कच्ची वाट आहे. वरच्या पठाराखाली सुमारे १,२०० फुटांवर ती दरीच्या काठाकाठाने फिरते, आणि गाडीने ती पुरी करावयास सामान्यतः दोन-तीन दिवस लागतात. ही वाट कोणा निसर्गभक्ताने बांधलेली नाही. १९५० नंतरच्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी ती पाडली गेली. उद्यान स्थापन झाले ते १९६४ साली. ज्या एकांतासाठी आजचा प्रवासी तेथे जातो, त्याचे दार अणुशक्तीच्या हव्यासाने उघडून दिलेले आहे, हे विसरता कामा नये.

अशा सहलींचा उपहास करणे सोपे आहे. धडधडणाऱ्या यंत्रावर बसून शांततेच्या शोधास निघणे हा वदतोव्याघातच होय, असे पायी हिंडणारे म्हणतात. त्यात काही सत्य आहे. परंतु पायी चालणाराचा अभिमानही तपासून घेतला पाहिजे. ज्याचे गुडघे शाबूत आहेत, त्यानेच तारे पाहावेत असा निसर्गाचा दंडक नाही. वृद्ध, अपंग किंवा लहान मुलांची आई ह्यांस त्या दरीच्या काठावर एक रात्र काढावयाची असेल, तर चाकांवाचून ती त्यांच्या नशिबी येणे कठीण. शिवाय ह्या प्रवासात मैत्रीचा एक फार जुना आणि निरोगी प्रकार पुन्हा दृष्टीस पडतो. एकाची गाडी वाळूत रुतली म्हणजे बाकीचे सारे थांबतात. पाणी वाटून घेतले जाते. कोणाचे किती देणे झाले, ह्याचा हिशेब कोणी मांडीत नाही. शहरात ज्यांची मैत्री गप्पांपलीकडे जात नाही, त्यांस येथे ती हातांनी सिद्ध करावी लागते. ही प्राप्ती क्षुद्र मानता येणार नाही.

मग आक्षेपार्ह ते काय? त्याचे उत्तर त्या वाळवंटाच्या मातीत आहे. वाटेच्या दोहो बाजूंस जी काळपट, खडबडीत जमीन दिसते, ती निर्जीव नाही. नीलहरित सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ ह्यांनी मिळून तेथे एक जिवंत पापुद्रा विणलेला असतो. सूक्ष्मजीवांचे बारीक तंतू वाळूचे कण एकमेकांस बांधून ठेवतात. त्यामुळे माती वाऱ्याने उडत नाही, पावसाचे पाणी तिच्यात राहते आणि हवेतील नत्र वनस्पतींस उपयोगी पडेल अशा रूपात तिला मिळते. एक पाऊल पडले तरी हा पापुद्रा मोडतो. चाक गेले तर त्याची अखंड पट्टीच चुरडली जाते. तो पूर्ववत होण्यास दशके लागतात, काही ठिकाणी त्याहूनही पुष्कळ अधिक काळ. अर्ध्या मिनिटाच्या वळणाची खूण माणसाच्या आयुष्यभर पुरते.

येथे एक जुने तार्किक कोडे नैतिक रूप धारण करून उभे राहते. ग्रीक तार्किक विचारीत असत, की वाळूच्या ढिगातून एक कण काढला तर तो ढीग राहतो ना? मग आणखी एक काढा. नेमका कोणता कण काढल्याने ढीग नाहीसा झाला? त्याचप्रमाणे, कोणत्या एका गाडीने हा माळ उजाड केला, हे कोणासही सांगता येत नाही. माझी एकच गाडी, आणि एकदाच गेली, हे प्रत्येकाचे म्हणणे जवळजवळ खरे असते. सर्वांची विधाने खरी आणि सर्वांचे कृत्य विनाशक, अशी ही विलक्षण स्थिती होय. माझ्या एकट्याच्या करण्याने काय परिणाम होईल, असे विचारीत राहिल्यास हिचा उलगडा होणार नाही. मी जी सवलत घेतो ती येणाऱ्या प्रत्येकास देण्याची माझी तयारी आहे काय, ह्या कांटच्या प्रश्नानेच तो होऊ शकतो.

काहींनी ह्यावर सरसकट बंदीचा उपाय सुचविला आहे. एडवर्ड ॲबी हा लेखक मोआबजवळच्या आर्चेस येथे वनरक्षक होता. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेझर्ट सॉलिटेअर’ ह्या ग्रंथात, राष्ट्रीय उद्यानांतून मोटारगाड्या हद्दपार कराव्यात, असे त्याने आवेशाने प्रतिपादिले. परंतु त्याच ग्रंथात, मित्राच्या लँड रोव्हरमधून मेझ ह्या दुर्गम भागाकडे केलेल्या प्रवासाचेही वर्णन आहे. त्यास दांभिक ठरविण्याची घाई करू नये. चाकांनी तेथवर नेले नसते, तर चाकांविरुद्ध लिहिण्याइतके प्रेम त्या भूमीवर किती जणांचे जडले असते? आणि दोष यंत्राचाच म्हणावा, तर मोआबजवळच उघड्या, कठीण खडकांवरून आखलेली एक वाट आहे. ती १९६९ साली मोटारसायकलींसाठीच सुरू झाली. त्या खडकावर चाकांचा फारसा घाव बसत नाही. तीच मोटारसायकल चार हात बाजूस, मातीवर उतरली की अनर्थ करते. यंत्र दोहो ठिकाणी एकच. भेद आहे तो चालविणाराच्या विवेकाचा.

कायद्याने आपल्यापरीने मर्यादा घातल्या आहेत. १९७२ साली अध्यक्ष निक्सन ह्यांनी आज्ञा काढली, की सार्वजनिक भूमीवर अशा वाहनांस कोठे मुभा आहे आणि कोठे नाही, हे संबंधित खात्यांनी ठरवून द्यावे. व्हाइट रिमवर मुक्कामास परवाना लागतो. एका तळावर १५ माणसे व तीन वाहने, ह्याहून अधिक चालत नाहीत. लाकडे पेटविण्यास मनाई आहे. आणि सारा केरकचरा बरोबर परत न्यावा लागतो. हे नियम उत्तम आहेत. परंतु त्या अफाट मुलखात नियमांस डोळे कोठून येणार?

म्हणून खरी परीक्षा होते ती अशा प्रसंगी. सूर्य मावळला आहे, तळ अजून दूर आहे, आणि अरुंद वाटेवर पुढची गाडी बंद पडली आहे. बाजूची जमीन सपाट आहे. तीवरून वळसा घालावा, असे सर्वांनाच वाटते. पाहणारे कोणी नाही. अशा वेळी परक्यांस अडविणे सोपे असते, मित्रांस अडविणे कठीण. कारण आनंदात विरजण घालणारा म्हणवून घेण्यास धैर्य लागते. ज्या मैत्रीने एकमेकांस ओढून काढण्याचे बळ दिले, तीच मैत्री अशा क्षणी जबाबदारी दहा जणांत इतकी बारीक वाटून देते, की कोणाच्याच हाती ती राहत नाही. तेथे ‘आपण थांबू’ असे म्हणणारा मित्र मंडळींचा विरस करतो खरा. परंतु मैत्रीस तिच्या योग्यतेवर तोच ठेवतो.

घरची चाकोरी दुसऱ्यांनी आखलेली असते, आणि पोटासाठी आपण तीतून चालतो. माळावरच्या त्या अंधाऱ्या वाटेवर कसलीही सक्ती नसते. तेथे जो आपली चाके चाकोरीतच ठेवतो, पुढची गाडी दुरुस्त होईपर्यंत तासभर थंडीत कुडकुडत बसतो, तो कोणाच्या धाकाने तसे करीत नाही. जे अजून जन्मासही आलेले नाहीत, त्यांच्यासाठी करतो. स्वातंत्र्य हा शब्द त्याच्या त्या तासभराच्या बसण्यास लावावयास माझी हरकत नाही.