कुणाचे किती दिवस निघतात?

जुलैमध्ये आमच्या वाडीत देण्याघेण्याचा हिशेब रुपयांत होत नाही, दिवसांत होतो. 'आमचे तुमच्याकडे तीन दिवस निघतात' असं सहज बोललं जातं, आणि ऐकणाऱ्याला ते तोंडपाठ असतं. वही नाही, सही नाही.

वाडी वेल्हे तालुक्यात (आता कागदोपत्री राजगड), डोंगराच्या कुशीत. चौदा घरं. इथे भाताची लावणी पंधरा-वीस दिवसांत उरकावी लागते. तरवा, म्हणजे रोप, तीन-साडेतीन आठवड्यांचा झाला की थांबून चालत नाही, कारण जून रोपाला फुटवे कमी येतात. पाऊस कुणाची वाट बघत नाही आणि घरात माणसं दोन-तीन. म्हणून सावड. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. कोल्हापूर-सांगलीकडे यालाच पैरा म्हणतात.

यातला सगळ्यात भारी नियम म्हणजे दिवसाला दिवस. सत्तरीच्या आजीचा दिवस आणि बावीस वर्षांच्या पोराचा दिवस सारखाच. (लावणीत खरं तर आजीच पुढे असते. पोरगा कंबर धरून उभा.) रोजाने गेलं की बाईला कमी आणि बाप्याला जास्त मिळतात. सावडीत तो फरक नाही.

आता पुण्यातला आमचा फ्लॅट बघा. आम्ही चौघं, चौघंही आयटीत. दुधाच्या सतरा रुपयांपासून सगळं स्प्लिटवाइजवर. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे शून्य आलं की बरं वाटतं. 'कुणाचं काही देणं नको' हे आमच्या पिढीचं जवळजवळ नीतिसूत्र आहे, आणि ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. उपकाराचं ओझं काय असतं हे ज्याने पाहिलंय त्याला शून्याची किंमत कळते. पण माणसाने कुणाचं देणं ठेवू नये, हे खरंच चांगलं मूल्य आहे का? हा प्रश्न माझ्यासाठी नुसता चर्चेचा नाही. दरवर्षी जूनमध्ये तो फोनवरून घरी येतो.

आईबाबा साठीच्या पुढे गेले. बहिणीचं लग्न झालं, मी इथे. चार माणसं आमच्याकडे लावणीला आली तर चौघांचे चार दिवस फेडायला घरात माणूस नाही. दोन वर्षांपूर्वी मी बाबांना पैसे पाठवले, रोजाने माणसं लावा म्हटलं. शेजारची चुलती चार दिवस आली होती. बाबांनी तिच्यापुढे पैसे धरले तर ती म्हणाली, "मी काय रोजानं आले व्हते का?" आणि निघून गेली. पैसे देऊन बाबा देणं फेडत होते. तिच्या लेखी ते नातं मोडत होते. मग तिच्या नातवाचा सीईटीचा फॉर्म मी भरला, पीएम किसानचं ई-केवायसी करून दिलं. त्यात चार दिवस फिटले का, हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे, आणि गावाबद्दलचे बरेच लेख इथेच थांबतात. पण वाडीच्या खालच्या अंगाला कातकऱ्यांची सहा घरं आहेत. ती सावडीत कधीच नव्हती. कारण विचारलं तर कुणी वाईट बोलत नाही. 'त्यांना जमीनच नाय, त्यांचा दिवस फेडायचा कुठं?' एवढंच. तर्क बिनचूक आहे, आणि बिनचूक असल्यामुळेच क्रूर आहे. ते रोजाने येतात, संध्याकाळी पैसे मोजून घेतात. त्यांच्या दृष्टीने 'हिशेब मिटला' यासारखं चांगलं वाक्य नाही. कारण उघडा हिशेब त्यांनी वीटभट्टीवर पाहिलाय. पावसाळ्यातल्या उपासमारीत किंवा लग्नात उचल घ्यायची, मग सगळ्या घराने भट्टीवर राबायचं, आणि हंगाम संपला तरी अंगावर बाकी उरतेच. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा आहे.

महार वतनाचंही तेच. काम किती, कुठलं, केव्हा, याला मर्यादा नाही, आणि मोबदला गावाच्या मर्जीवरच्या बलुत्याचा. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, त्यात मोघम देण्याच्या जागी ठरलेला मोबदला मागितला होता. म्हणजे, नीट हिशेब मागितला. स्प्लिटवाइजला हसताना हे विसरू नये.

बरं, बरोबरीच्या लोकांत तरी उघडा हिशेब निर्धोक असतो का? शेजारच्या रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत होत्या. एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. यूपीआयची सुरुवातही त्याच महिन्यातली. योगायोगच, पण मला तो नेहमी आठवतो. वाळीत टाकायला दवंडी लागत नाही. लावणीच्या दिवशी खाचरात कुणी आलं नाही की झालं.

माझं मत असं की, जो हिशेब मिटवून निघून जाऊ शकतो, त्याने तो उघडा ठेवला तरच त्याला नातं म्हणावं. ज्याला मिटवताच येत नाही, त्याच्यासाठी ती वेठ. आमच्या घराला आज निवड आहे, ती माझ्या पगारामुळे. आणि अडचण नेमकी इथेच आहे. एकेक घर रोजाने माणसं लावायला लागलं की सावडीत उरलेल्यांना हात कमी पडतात. चौदा घरांची सावड चालते, पाच घरांची चालत नाही. माझं स्वातंत्र्य मी चुलतीच्या कमरेवर विकत घेतोय का? बाहेर पडायचा हक्क मला सोडायचा नाही, आणि त्याची किंमत तिने मोजावी हेही पटत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहतात. मला तरी त्यांचा मेळ घालता आलेला नाही.

बाबा माझ्याइतका विचार करत बसत नाहीत. सगळी खाचरं आता झेपत नाहीत म्हणून गेल्या वर्षी त्यांनी ओढ्याकडची दोन खाचरं खालच्या एका कातकरी घराला अर्धेलीने दिली. दिवस फेडायला आता त्यांच्याकडे जागा झाली. त्या घरची दोघं नवरा-बायको सगळ्यांच्या लावणीला आली, रोज न घेता. मग त्यांच्या लावणीचा दिवस आला. वाडीतून दोन घरं गेली. एक आमचं, दुसरं चुलतीचं.