समाधानी मनुष्यास कांहीं कमी नसतें काय?

मनुष्य सुखी आहे कीं नाहीं, हें कोणीं ठरवावें? ज्याचें त्यानेंच, असें आपण म्हणूं. आणि विद्वानांनींहि हाच मार्ग धरिला आहे. देशोदेशींच्या लोकांस ते एक शिडी मनांत आणावयास सांगतात. तिच्या तळाशीं, म्हणजे शून्यावर, अत्यंत वाईट जीवन. शेंड्यास, म्हणजे दहावर, अत्यंत उत्तम. मग आज आपण कोणत्या पायरीवर आहां, असें विचारितात. अशा उत्तरांवरून २०१२ सालापासून जागतिक आनंदाचा अहवाल निघूं लागला, व २०१८ पासून त्यांत फिनलंड देश वारंवार पहिला आला आहे.

परंतु वाचकहो, उत्तर प्रामाणिक असूनहि अपुरें असूं शकतें. १९४३ सालीं बंगाल प्रांतांत घोर दुष्काळ पडला. पुढल्याच वर्षीं कलकत्त्याजवळील सिंगूर येथें लोकांस त्यांच्या प्रकृतीविषयीं विचारण्यांत आलें. विधुरांपैकीं शेंकडा ४८.५ जणांनीं आपण आजारी आहों किंवा आपली प्रकृति बेताचीच आहे असें सांगितलें; विधवांपैकीं मात्र शेंकडा २.५ जणींनींच. तर मग विधवा अधिक निरोगी होत्या काय? अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन ह्यांनीं हें उदाहरण देऊन दाखविलें कीं, ज्यांस सदा उणीव सोसण्याची संवय लागली, ते आपल्या दुःखास दुःख म्हणतच नाहींत.

ह्यावरून गरिबांचें सुख खोटें, असेंहि कोणीं समजूं नये. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत कलकत्त्यांतील ८३ अति दरिद्री लोकांस विचारिलें होतें. एकंदर जीवनाविषयीं त्यांचें मत किंचित् असमाधानाकडे झुकलें; तरी जीवनाच्या एकेका अंगाविषयीं तींच माणसें समाधान दाखवीत होतीं, आणि आप्तसोबत्यांचा त्यांस मोठा आधार होता.

तेव्हां आपलें समाधान हा आपला सद्गुण खरा. पण दुसऱ्याचें समाधान ही आपली सबब होऊं नये. मजूर बाई कुरकुर करीत नाहीं, म्हणून तिची मजुरी पुरेशी ठरत नाहीं. सून शेवटीं उरलेलें जेवून हंसते, म्हणून तिचें पोट भरलें असें होत नाहीं. ह्यास्तव शेजाऱ्यास "बरें आहे ना?" इतकेंच विचारून परतूं नये. काल चुलीवर काय शिजलें, दुखण्यास औषध मिळालें काय, हेंहि विचारावें. आणि जें न्याय्य तें, त्यानें मागण्याची वाट न पाहतां, त्यास द्यावें.