घर सोडलेल्यांचा नाताळ

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बुलढाण्याच्या घाटावर थंडी बोचू लागते. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात आणि घराघरांत सोल्यांची आमटी शिजते. ख्रिस्ती वस्तीत करंज्या-चकल्यांचे डबे भरले जातात, दारात चांदणी लागते, रात्री उशिरापर्यंत कॅरल पार्टीची वाट पाहिली जाते. अशा वेळी एखाद्या घरी फोन येतो : मुलगा यंदा येणार नाही. तो सेमिनरीत शिकतोय आणि सणाच्या दिवसांत त्याला दूरच्या मंडळीत सेवेच्या सरावासाठी जायचंय. वडील म्हणतात, देवाचं काम आहे. आई काही बोलत नाही, फक्त करंज्यांचा एक डबा बाजूला काढून ठेवते.

देवाच्या कामासाठी घर सोडावं लागतं, हे वऱ्हाडाला नवं नाही. 1892 पासून अमेरिकेच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची माणसं अकोल्याच्या आसपास काम करू लागली. शतकाअखेरच्या दुष्काळानंतर खामगावात त्यांनी अनाथ मुलींसाठी वसतिगृह चालवलं. स्वतःचं घर हजारो मैल मागे टाकून आलेल्या बायका इथे घर नसलेल्या मुलींना वाढवत होत्या. पुढे 1953 मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि 1983 मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. वऱ्हाडातल्या मुलाला तिथे शिकायचं तर घर आणखी लांब पडू लागलं.

पण नाताळ घरीच साजरा करायचा, ही कल्पना तरी किती जुनी? मराठी मुलखात आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती बहुधा कळलीच नसती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 12 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईत उतरले. हॉल मॅसॅच्युसेट्सचा. तिथल्या प्युरिटनांनी 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठोठावला होता! तो कायदा 1681 मध्ये गेला, तरी नाताळची सरकारी सुट्टी मिळायला 1856 उजाडलं. मुंबईतल्या त्या पहिल्या डिसेंबरात कंपनी सरकार या दोघांना परत पाठवायच्या बेतात होतं. गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्ज-विनवण्या चालल्या होत्या. सणाला घर आठवण्याइतकी उसंत कुणाला होती?

हॉलचा विरह पुढे आला, आणि त्याला सणाची गरज लागली नाही. 1825 मध्ये त्याची बायको दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. तो इथेच थांबला आणि 20 मार्च 1826 रोजी नाशिककडच्या फिरतीत पटकीने गेला.

इथे एक प्रश्न मिशनच्या इतिहासात फारसा विचारला जात नाही. पाचारण एकाला येतं, मग त्याची किंमत कोण मोजतं? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांत राहिल्या, काही काळ पंढरपुरात. टिळकांचा ख्रिस्ती म्हणून पहिला नाताळ बायको-मुलाविना गेला. ती ताटातूट काही वर्षं चालली. पुढे त्या त्यांच्याकडे परतल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिलं गेलं म्हणून त्यांची बाजू आपल्याला ठाऊक आहे. हॉलच्या बायकोची बाजू मराठीत कुणी लिहिली?

घर सोडणाऱ्यांना शुभवर्तमानात आधार भरपूर आहे. आई आणि भाऊ बाहेर उभे असताना देवाची इच्छा पाळणारेच आपले आप्त, असं येशू सांगतो. प्रवचनात हा उतारा हमखास येतो. मार्कच्या सातव्या अध्यायातला दुसरा उतारा मात्र कमी ऐकू येतो. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू तिथे सरळ फटकारतो. वधस्तंभावर असतानाही तो आईला एका शिष्याच्या हाती सोपवतो. म्हणजे जावं लागलं तरी घरच्यांचा हक्क संपत नाही. जाण्याआधी त्यांची सोय लावावी लागते. आपल्याकडे एकनाथांनी संसारात राहूनच परमार्थ केला, पण तो वेगळा मार्ग. मिशनरीला अनेकदा जावंच लागतं.

म्हणून सेमिनरीत शिकणाऱ्या मुलाने नाताळला परक्या गावी राहणं चूक नाही. पाळक झाल्यावर त्याचा प्रत्येक नाताळ कामाचाच असणार, तर त्याची सवय आत्ताच लागलेली बरी. खोट आहे ती पाठवणाऱ्या मंडळीत. वेदीपुढे उभं करून, हात ठेवून, टाळ्या वाजवून मुलाला निरोप देतात, आणि त्याच्या आईच्या घराकडे पुढे वर्षभर कुणी फिरकत नाही. बुलढाणा, खामगाव, मलकापूरच्या मंडळ्यांनी यंदा कॅरल पार्टीच्या फेरीत अशा घरांची नावं सगळ्यात वर लिहावीत, आणि तिथे दोन गाणी म्हणून लगेच न निघता जेवायला बसावं.