आनंदाच्या पुढे अन्न

ब्रह्म म्हणजे काय, असं विचारत भृगू आपल्या वडिलांकडे, वरुणाकडे गेला. वडिलांनी त्याला तप करायला सांगितलं. तप करून त्याने पहिलं उत्तर आणलं: अन्न. वडिलांनी परत धाडलं. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, आणि सरतेशेवटी आनंद. तैत्तिरीय उपनिषदातली ही गोष्ट आम्हा उज्जैनच्या मराठी मंडळींत चातुर्मासात कुणी ना कुणी सांगतंच. बुवा आनंदापाशी पोचले की आरती होते. अन्न ही पहिली पायरी, साधकाने ती ओलांडून वर जायचं, हे सार घेऊन आपण उठतो. प्रसादाच्या पंक्तीला मात्र कुणी उशीर करत नाही.

माझी उमर चिमनगंज मंडीत, एका आडत्याच्या पेढीवर मुनीमगिरी करण्यात गेली. सोयाबीन आणि गव्हाच्या हिशेबपट्ट्या लिहिणाऱ्याला या साराबद्दल तक्रार असणारच. पण माझी तक्रार धंद्याची नाही, पोथीची आहे. भृगुवल्ली आनंदापाशी संपतच नाही. तिथून ऋषी मागे वळतो, पुन्हा अन्नाकडे येतो आणि व्रतं सांगू लागतो: अन्नाची निंदा करायची नाही, ते टाकायचं नाही, ते वाढवायचं, दाराशी आलेल्याला परत लावायचं नाही. पायरी ओलांडून झाली असेल, तर शिखरावर पोचलेल्याला ही खालची कामं कशाला सांगितली? बुवा इथे पोथी का बांधतात, हे मला कळलेलं नाही.

हाच घोटाळा अर्थशास्त्रातही होतो. आधी शेती, मग कारखाने, मग सेवा, अशा पायऱ्या शिकवतात. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा आता सुमारे १८ टक्के, म्हणजे पायरी मागे पडली म्हणायची. आमच्या शहरात २०२२ साली महाकाल मंदिराला लागून ‘महाकाल लोक’ हे संकुल उभं राहिल्यापासून हे बोलणं फारच वाढलंय. हॉटेलं, ई-रिक्षा, फुलवाले. परवा एक जण मला म्हणाला, ‘काका, उज्जैन आता मंडीवर नाही, महाकालवर चालतं.’ मी म्हटलं, चालू दे की. पण महाकालच्या लाडवात बेसन, रवा, साखर आणि तूप असतं, अभिषेकाला दूध, दही, मध लागतं, शृंगाराला भांग लागते. ते कुठून येतं?

वाटा १८ टक्के दिसतो, कारण तो भावाने मोजलेला असतो, आणि भाव कमी आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि मंडीत बोली त्याच्या खाली चालली होती. व्यापारी मूठभर दाणे उचलतो, एक दाताखाली फोडून ओल पाहतो आणि आकडा बोलतो. पण तो आकडा त्या दातावर ठरत नाही. देश खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो; ब्राझील-अर्जेंटिनातलं पीक, आयातशुल्क, पेंडीची निर्यात, यांवर तो ठरतो. भाव पडला की देशाच्या हिशेबात शेती लहान होते, आणि लहान झाली म्हणून तिच्याकडे बघायचं कारण उरत नाही. याच देशात २०२०-२१ साली एकूण उत्पन्न घटलं आणि शेतीचं वाढलं. त्या वर्षी सगळे घरात बसून जेवत होते.

तरी शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारे एक चूक करतात, तीही सांगायला हवी. फ्रान्सच्या राजाचा वैद्य केने याने १७५८ साली अर्थव्यवस्थेचा तक्ता मांडला. त्याचं म्हणणं, खरी वाढ फक्त जमीन देते. कारागीर आणि व्यापारी हा वांझ वर्ग. हे वाचल्यावर मला आमचे हम्माल आठवले. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्याला वांझ म्हणायला वैद्याच्या अंगी भलतंच धैर्य हवं. शेतात पडून राहिलेलं सोयाबीन अन्न नव्हे, तेलही नव्हे. मुनीम वांझ म्हटला असता तर मी कदाचित वाद घातला नसता.

आणि जमीन देते ते सगळं पवित्र असतं, हेही खोटं. एकोणिसाव्या शतकात माळव्याच्या याच काळ्या मातीतली अफू मुंबईमार्गे चीनला जायची. उज्जैन त्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. सर जमशेटजी जिजीभॉय यांची दौलत चीनच्या व्यापारातली, कापूस आणि अफू दोन्हींची. आणि त्या दौलतीतून मुंबईत १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, पुढे कलाशाळाही. म्हणजे मुंबईच्या वैभवाखाली आमच्याकडची खसखशीची बोंडं आहेत, आणि त्या बोंडांखाली चीनमधली उद्ध्वस्त घरं आहेत. शेती पाया आहे, एवढं म्हणून सुटका होत नाही. पायावर काय बांधलं हे विचारावंच लागतं. ऋषीने वाढवायला सांगितलं ते अन्न. पीक वाढव असं मोघम सांगितलं नाही.

आमच्या पूर्वजांचंही तेच. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालचं मंदिर पुन्हा उभारलं, याचा आम्हा मराठ्यांना केवढा अभिमान! पण त्या काळी राज्याचं मुख्य उत्पन्न जमीनमहसूल. मंदिराच्या दगडांत माळव्याच्या कुणब्याचा गहू आहे, त्याचं नाव मात्र कुठे नाही.

आता सिंहस्थाकडे, आमच्या कुंभमेळ्याकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, मेळ्याला मोकळं मैदान असतं. मैदान कुठलं! मंगलनाथ, दत्त आखाडा, काळभैरव या भागांत जिथे साधूंच्या छावण्या पडतात, ती चालती शेतं आहेत. बारा वर्षांनी एकदा शेतकरी ती सोडतो, मेळा प्रशासन भरपाई देतं, आणि मेळा उठला की पुन्हा नांगर लागतो. २०१६ च्या मे महिन्यात वादळी पाऊस झाला, मंडप कोसळले, माणसं दगावली. नंतर छावण्यांत जो गुडघाभर चिखल झाला, तो पाहून लोक व्यवस्थेला शिव्या देत होते. शेतकऱ्याला त्यात नवल नव्हतं. ही काळी माती पाणी पडलं की पायाला धरते. म्हणून तर पूर्वी माळव्यात पावसाळ्यात कितीतरी रानं पडीक ठेवून त्या ओलीवर रब्बीचा गहू घ्यायचे. खरिपात सोयाबीन आलं ते अलीकडचं, सत्तरीच्या दशकानंतरचं.

त्याच २०१६ च्या सिंहस्थात स्नान झालं ते बरंचसं नर्मदेच्या पाण्यात. क्षिप्रा उन्हाळ्यात वाहत नाही. बोअरवेलनी जमिनीखालचं पाणी उपसलं, त्यात आम्ही सोयाबीन-गहूवाले आलोच. म्हणून २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी पंपांनी चढावर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडलं. मोक्षाची डुबकीसुद्धा पाणी, वीज आणि पाइप यांवर उभी आहे, हे मला कमीपणाचं वाटत नाही. ते सांगायचं टाळतात, हे वाटतं.

२०२८ च्या सिंहस्थासाठी २०२५ मध्ये लँड पूलिंगची योजना आली: ही शेतं कायमची घेऊन तिथे पक्के रस्ते, पक्की बांधकामं करायची. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. तेव्हा शहरातले धार्मिक लोक म्हणाले, देवाच्या कामाला जमीन देत नाहीत, हे कसले हिंदू! मला हसू आलं. पिढ्यान्‌पिढ्या दर सिंहस्थाला हेच लोक पीक सोडत आले आहेत. मेळा चैत्र-वैशाखातला, पण तयारीसाठी रानं आधीच मोकळी करावी लागतात, म्हणजे त्या वर्षी रब्बीचा गहू गेलाच. व्रत त्यांनी पाळलंच होतं. कायमचं रान मागणं म्हणजे अन्न वाढव या व्रताच्या नेमकं उलट, आणि तेही अन्नक्षेत्रांची रांग लावण्यासाठी!

आखाड्यांच्या कमानींवर अन्नदान करणाऱ्या शेटजींची नावं मोठ्या अक्षरांत असतात. एका आखाड्याच्या कोठाऱ्याशी माझी जुनी ओळख आहे; आटा, डाळ, तूप आमच्याच पेढीच्या ओळखीने जायचं. त्याला मी सुचवलं की महाराज, येत्या सिंहस्थात कमानीवर त्या रानांचे सर्वे नंबरही लिहा, ज्यांच्यावर तुमची पंगत बसते.

तो म्हणाला, ‘मुनीमजी, ते लिहिलं तर पुढच्या वेळी शेतकरी भरपाई वाढवून मागतील.’

मी म्हटलं, ‘मागू द्या की.’