शुद्धीत नसलेला होकार

गडचिरोलीची एक मैत्रीण म्हणाली, "समजा पार्टीत कुणी माझ्या ग्लासात काही टाकलं, तर तक्रार कशी करू? आधी हेच विचारतील, दारूबंदीच्या जिल्ह्यात प्यायलीस कशी?"

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. पण तिचा प्रश्न कायद्याच्या पलीकडचा होता. आपली एखादी लहान चूक असली, तर आपल्यावरच्या मोठ्या अन्यायाबद्दल बोलायचा हक्क जातो का?

उत्तराची वाट तिच्याच जिल्ह्यातून जाते. 26 मार्च 1972. देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात. एका आदिवासी मुलीनं ठाण्यातच अत्याचार झाल्याची तक्रार केली. उच्च न्यायालयानं दोषी ठरवलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये सोडलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा सूर. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलनं झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

त्याच दुरुस्तीनं बलात्काराच्या व्याख्येत एक कलम आलं: नशेत किंवा गुंगीचं औषध दिल्यामुळे जिला काय चाललंय ते कळतच नाही, तिचा होकार हा होकार नाही. नशा तिनं स्वतः केलेली असली तरीही.

हे योग्यच आहे. प्रतिकार हेच माप धरलं, तर सगळ्यात सुरक्षित गुन्हेगार तो, जो आधी प्रतिकाराची ताकदच काढून घेतो. आम्ही कोड लिहिणारे जाणतो, रिकामी जागा म्हणजे 'हो' नव्हे.

वाईट हेतूनं गुंगीचं औषध पाजणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहिता, कलम 123, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. अडचण पुराव्याची. जीएचबीसारखं द्रव्य साधारण बारा तासांत लघवीतून नाहीसं होतं आणि आठवणही पुसलेली असते. "प्यायलीस कशी?" यात गेलेला प्रत्येक तास गुन्हेगाराच्या पदरात पडतो.

म्हणून मैत्रिणीला सांगितलं: आधी दवाखाना, लघवीचा नमुना, तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. प्यायचा होकार त्या ग्लासापुरता असतो. पुढच्या कशालाही तो लागू होत नाही.