समप्रकृती कोणाची?

आपली प्रकृती वाताची आहे की पित्ताची, हे सांगताना अलीकडच्या सुशिक्षित मनुष्याच्या मुद्रेवर जे एक प्रकारचे समाधान दिसते, ते चरकसंहिता वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकल्यावाचून राहत नाही. कारण ज्या ग्रंथातून ही भाषा आली, त्या ग्रंथाने अशा मनुष्याला निरोगी म्हणायचेच मुळी नाकारले आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात चरक सांगतो की काही माणसे गर्भापासूनच वात, पित्त व कफ यांच्या साम्यात असतात, तर काही वातल, काही पित्तल आणि काही श्लेष्मल असतात. आणि यांपैकी पहिली तेवढी निरोगी, बाकीची नित्याचीच रोगी, असा त्याचा स्वच्छ फैसला आहे. विमानस्थानात तर प्रतिपक्षाची कैफियतही नोंदलेली आहे. मनुष्यांचा आहार विषम, तेव्हा तिन्ही दोष सम असलेला मनुष्य असणेच शक्य नाही, असे काही आचार्यांचे म्हणणे होते. ते नमूद करून चरक ते फेटाळतो, आणि ज्याच्या शरीरात एक दोष वरचढ झाला आहे तो स्वस्थ कसा म्हणावा, असा उलट प्रश्न करतो.

सुश्रुताची दृष्टी निराळी. शुक्रशोणितांच्या संयोगसमयी जो दोष उत्कट असेल त्याने मनुष्याची प्रकृती ठरते, तिचे सात प्रकार होतात, आणि विषात जन्मलेल्या किड्याला जसे विष बाधत नाही तशी ही जन्मजात प्रकृती मनुष्याला बाधत नाही, असे शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात त्याने म्हटले आहे. ती आयुष्यभर पालटत नाही. पालटलीच तर आयुष्य सरत आल्याचे ते लक्षण. म्हणजे एकाच्या मते कल हाच रोगाचा पाया, तर दुसऱ्याच्या मते कल हाच त्या देहाचा स्वभाव. ‘दोषांचा तोल राखा’ हा उपदेश आज सर्रास केला जातो. परंतु तो तोल तिन्ही दोष समसमान करण्याचा, की ज्याचे त्याचे जन्मसिद्ध प्रमाण सांभाळण्याचा, हा वाद दोन संहितांमध्ये खुलाच राहिला आहे, आणि माझ्या मते प्रकृतिविचाराचा पुढचा सारा इतिहास या एका वादाच्या विस्मरणाचा इतिहास आहे.

चरकाचे वर्णन मात्र आजही मुळातून वाचण्यासारखे आहे, आणि त्याचे कारण त्यातील लक्षणांची यादी हे नसून ती यादी ज्या रीतीने निष्पन्न केली आहे ती रीत हे आहे. तो आधी दोषाचे गुण सांगतो आणि मग प्रत्येक गुणामागे देहातील त्याचा दाखला देतो. वायू रूक्ष, म्हणून वातल मनुष्याचा देह कृश, आवाज घोगरा आणि झोप सावध. वायू चल, म्हणून त्याच्या भुवया, हनुवटी, ओठ, जीभ, खांदे व हात-पाय सदैव अस्थिर. वायू शीघ्र, म्हणून तो कामाला चटकन हात घालतो, चटकन भितो, ऐकलेले चटकन उचलतो आणि तितक्याच चटकन विसरतो. पित्त उष्ण, म्हणून पित्तल मनुष्याला ऊन सोसत नाही, त्याचे केस अकाली पिकतात, टक्कल लवकर पडते, अंगावर तीळ व वांग उठतात. पित्त तीक्ष्ण, म्हणून त्याचा अग्नी प्रखर आणि खाणे वरचेवर. कफ मंद, म्हणून श्लेष्मल मनुष्याचे चालणे, बोलणे, जेवणे सारे सावकाश. निरीक्षणाला तर्काची आणि तर्काला निरीक्षणाची साक्ष काढण्याची ही पद्धत आहे. तिच्यातील एखादे अनुमान आज कोणाला मान्य होणार नाही, पण ते अनुमान कोठून आले हे तरी तेथे उघड दिसते.

आणि या वर्णनाचा शेवट कोणाच्या खुशामतीचा नाही. कफप्रकृतीचे लोक बलवान, धनवान, विद्यावान व दीर्घायुषी. पित्तप्रकृतीचे सर्व बाबतींत मध्यम. वातप्रकृतीचे अल्पबल, अल्पायुषी, संतती आणि साधने दोन्ही बेताची. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या आरंभीच हीन, मध्य व उत्तम ही प्रतवारी सांगून टाकली, समधातू प्रकृती श्रेष्ठ ठरवली, आणि दोन दोषांच्या मिश्र प्रकृतींना निंद्य म्हटले. प्रकृती ठरवणाऱ्या आजच्या प्रश्नावल्यांचे उत्तर बहुधा ‘वातपित्त’ किंवा ‘पित्तकफ’ असे मिश्रच निघते, आणि ते ऐकून कोणी खट्टू झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे सारे वर्णन वैद्यासाठी होते. रुग्णाचे बळ जोखून मगच औषधाची मात्रा ठरवावी, दुर्बळाला तीव्र औषध दिल्यास ते प्राणावर बेतते, या हेतूने चरकाने दहा गोष्टींची परीक्षा सांगितली; प्रकृती ही त्यांतील पहिली, पण दहांतील एक. पाठोपाठ विकृती, सार, शरीराची बांधणी, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय यांचा तपशील घ्यावयाचा असे. इंद्रियस्थानात तर जाती, कुल, देश, काल, वय आणि ज्याचा त्याचा पिंड अशा सहा अंगांनी प्रकृतीचा विचार आहे. म्हणजे ती केवळ तीन दोषांच्या हिशेबात संपणारी बाब नव्हती.

विसाव्या शतकात या विचाराने घर बदलले. १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिकात आयुर्वेद महासंमेलनाचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा प्रश्न आयुर्वेदाच्या अस्तित्वाचा होता, व्यक्तीच्या प्रकृतीचा नव्हता. पुढे १९४० साली अमेरिकेत विल्यम शेल्डनने मनुष्यदेहाची त्रिविध वर्गवारी प्रसिद्ध केली, आणि तिची सांगड वात, पित्त, कफांशी घालण्याचा मोह अनेकांना आवरला नाही. वस्तुतः शेल्डन देहाचा आकार मोजत होता, चरक गुणांचे कार्य पाहत होता. खरे स्थलांतर झाले ते १९८० नंतर, आणि त्याची वाट पुण्यावरून गेली. टिळक आयुर्वेद महाविद्यालयाशी संबंध असलेल्या वैद्य वसंत लाड यांचे इंग्रजी पुस्तक १९८४ साली अमेरिकेत निघाले आणि न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे त्यांची संस्था उभी राहिली. त्याच महाविद्यालयाचे अमेरिकन पदवीधर रॉबर्ट स्वोबोडा यांनी १९८९ साली ‘प्रकृती’ याच नावाचा ग्रंथ लिहिला. त्या मुलखात नाडी पाहणारा, कुळाची माहिती असणारा वैद्य गावोगाव मिळणार कोठून? तेव्हा वाचकाने स्वतःच तक्त्यावर खुणा कराव्या, ही वहिवाट पडली. परीक्षक आणि परीक्ष्य एकच झाले, दहांतील नऊ परीक्षा गळाल्या, प्रतवारीचा कडवटपणा गेला, आणि उपचाराचे एक साधन होते ते स्वतःची ओळख बनून परत मायदेशी आले. या फेरफाराचा दोष मी त्या लेखकांना देणार नाही. मागणी तशीच होती.

शास्त्रज्ञांनीही दखल घेतली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात ३,४१६ पुरुषांची छाननी करून स्पष्ट एकदोषी प्रकृतीचे म्हणून २६२ निवडले गेले, आणि त्यांच्या जनुकसंचात ५२ ठिकाणी प्रकृतीगणिक फरक आढळला. या निष्कर्षावर अजून पुष्कळ काम व्हावयाचे आहे. मला त्यातील छाननीचाच आकडा अधिक बोलका वाटतो. बारा-तेरांमागे एकच मनुष्य निर्विवाद प्रयोगास योग्य ठरत असेल, तर २०२४च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या सरकारी प्रकृतिपरीक्षण अभियानात ज्या एक कोटीहून अधिक लोकांची नोंद झाली, त्यांतील बहुसंख्यांच्या दाखल्यावर नेमके काय लिहिले जावे?

प्रश्नावलीची खरी अडचण याहून साधी आहे. तिला हवी असते जन्माची प्रकृती, आणि उत्तर देणारा सांगतो गेल्या महिन्याची विकृती. रात्रपाळीने झोप उडालेला कारकून ‘झोप सावध’ या रकान्यावर खूण करून वातल ठरतो. शरदाच्या उन्हात ज्याला जळजळ होते तो पित्तल ठरतो, वास्तविक त्या ऋतूत पित्ताचा प्रकोप सर्वांनाच सांगितलेला आहे. बाल्यात कफ, तारुण्यात पित्त व वार्धक्यात वात हा वाग्भटाचा क्रम धरला, तर सत्तरीतील प्रत्येक गृहस्थ कोरड्या त्वचेची खूण करणारच. ज्याचा कल खरोखर उपजत आहे त्याने त्या दोषाच्या विरुद्ध गुणांचा आहारविहार ठेवावा आणि समधातू मनुष्याने सर्व रस सेवावे, असा चरकाचा आदेश आहे. पण तो अमलात आणण्यापूर्वी या मनुष्याचे लहानपण कसे होते, हे त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारणारा कोणी तरी लागतो.