वितळणे आणि विरघळणे

भक्तहो, मीठ पाण्यात विरघळते, बर्फ मात्र वितळतो. बोलताना आपण सर्रास घोटाळा करतो. मिठाला दुसऱ्याचे पाणी लागते; बर्फ मुळात पाणीच, त्याला नुसती ऊब पुरते. मनाचे वितळणे म्हणजे द्रवणे. मधुसूदन सरस्वतींनी ‘भक्तिरसायना’त चित्ताला लाखेची उपमा दिली आहे: मूळची कठीण, तापली की पातळ.

आता गंमत बघा. शून्य अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचे पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, आणि तोवर पारा जागचा हलत नाही! पारायणांवर पारायणे झाली तरी सख्ख्या भावाशी अबोला तसाच, म्हणून पोथी गुंडाळून ठेवू नका. ऊब आत जातेच आहे. यंदा दत्तजयंतीच्या प्रसादाला त्याला बोलावून तर बघा.